३६ किमी, १ तास २० मिनिटं, वेग किती? मुलाचं ३० येतंय, पुस्तकात २७

फोंड्याची_आई: मुलगा सातवीत आहे, वेग-अंतर-वेळ चालू झालंय. गणित असं की बस पणजीहून मडगावला ३६ किमी १ तास २० मिनिटांत जाते तर ताशी वेग किती. त्याने ३६ ला १.२० ने भागलं, उत्तर बरोब्बर ३० आलं, बाकी पण नाही उरली, त्यामुळे तो ऐकायलाच तयार नाही. मागे उत्तर २७ आहे. सूत्र तर बरोबर वापरलंय ना?

म्हापसेकर_मास्तर: सूत्र बरोबर, वेळ चुकली. तासाचे १०० नाही ६० भाग असतात, म्हणजे २० मिनिटं हा तासाचा तिसरा हिस्सा, ०.३३ च्या आसपास, ०.२० नाही. १.२० तास म्हणजे १ तास १२ मिनिटं होतात. आता पॉइंट बाजूला ठेवा आणि सरळ एकमान पद्धतीने करून घ्या. ८० मिनिटांत ३६ किमी, मग २० मिनिटांत चौथा हिस्सा, ९ किमी. तासात वीस-वीसचे तीन तुकडे, ९ गुणिले ३, २७. मुलाला आधी एवढंच विचारा की एका तासात ३० गेली असती तर उरलेल्या २० मिनिटांत अजून १० गेली असती, मग ४० व्हायला हवे होते, ३६ कसे?

डिचोलीचो_बाब: २७ चा स्पीड म्हणजे वाटेतला नवीन झुआरी पूल व्हायच्या आधीचं, ट्रॅफिक जॅमच्या काळातलं पुस्तक दिसतंय 😂

फोंड्याची_आई: 😂 सर, शेवटचा प्रश्न विचारला, गप्पच झाला. देव बरें करूं. पुढचं गणित जाऊन-येऊनचं आहे, जाताना ताशी २४, येताना ३६. इथे सरासरी ३० च ना?

म्हापसेकर_मास्तर: नाही ताई, इथे तर अर्धा वर्ग पडतो. अंतर दिलं नसेल तर सोयीचं धरा, १२ किमी. जाताना अर्धा तास, येताना २० मिनिटं. एकूण २४ किमी ५० मिनिटांत, ताशी २८.८. सावकाश जाताना जास्त वेळ रस्त्यावर असतो म्हणून सरासरी २४ कडे झुकते. दोन्ही वेगांवर सारखाच वेळ गाडी चालवली असती तरच ३०. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, दुसरं काही करायचं नाही.

थिवीं_लोकल: क्लासमध्ये तो वेग-अंतर-वेळेचा त्रिकोण शिकवतात, जे काढायचं त्यावर बोट ठेवा की उरलेलं सूत्र, त्याने पोरं एकक बघतच नाहीत असं माझं मत. रेल्वेचं गणित आलं की फसतात. वेग किमीमध्ये, पूल मीटरमध्ये, उत्तर सेकंदात.

फोंड्याची_आई: तेच पुढच्या पानावर आहे 🙈 ५/१८ ने गुणा म्हणतात, ते कुठून आलं?

थिवीं_लोकल: १ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद, १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिलं की ५/१८. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. आता गाडी ५०० मीटर आणि पूल १३०० मीटर धरा, तर इंजिन पुलावर चढल्यापासून शेवटचा डबा उतरेपर्यंत १८०० मीटर कापायचे, ९० सेकंद. नुसता खांब ओलांडायचा असेल तर फक्त गाडीची लांबी, २५ सेकंद.