नळयोजनेचा हिशेब गावाने कसा तपासावा? (अनुभव धागा)

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी ठरलंय. गावांतर्गत कामाच्या १० टक्के, डोंगराळ किंवा अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य असलेल्या गावांत ५ टक्के, लोकवर्गणीही आहे. मग हिशेब विचारायला संकोच कसला? तपासताना काय बघता, घोळ कुठे निघतो, ते लिहा. ‘सगळे चोर आहेत’ एवढंच म्हणायचं असेल तर राहू द्या.

समिती सदस्य, सातारा
अंदाजपत्रक सगळे मागतात, झालेल्या कामाची मापं लिहिलेली मोजमाप पुस्तिका (एमबी) कोणी मागत नाही. बिल निघतं ते एमबीवर! आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ लिहिलंत की फाटे फुटतात. ‘अमुक योजनेच्या तिसऱ्या चालू देयकाची (काम चालू असताना निघालेल्या बिलाची) एमबीची पानं’ असं नेमकं मागा. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

निवृत्त शाखा अभियंता
वरच्या मुद्द्याला जोडून. खरा पैसा पाइप पुरायच्या चरात मुरतो. समजा एमबीत १००० मीटर लांब, ०.६ मीटर रुंद, १ मीटर खोल चर लिहिलाय, म्हणजे ६०० घनमीटर. जागेवर खोली ६० सेंटीमीटरच भरली तर खोदाई ३६० घनमीटर. उरलेले २४० घनमीटर कागदावरच खोदलेले. त्यातही मुरूम असताना कठीण खडक दाखवला की दर कितीतरी चढतो. चर बुजला की सगळं संपलं, म्हणून खोदाई चालू असतानाच टेप धरा, दर पन्नास मीटरवर खोली लिहा, पट्टी उभी धरून फोटो काढा. चर उथळ राहिला तर ट्रॅक्टरच्या वजनाने पाइप दबतो आणि सांधे गळतात, ते वेगळंच.

पाइप दुकानदार, जालना
एचडीपीई (काळ्या प्लास्टिकच्या) पाइपवर आयएस ४९८४ हे मानक, पीई १०० ही प्लास्टिकची प्रत, व्यास आणि पीएन म्हणजे किती दाब सोसेल तो आकडा छापलेला असतो. बाहेरून ९० मिमीचे सगळे सारखेच दिसतात. पीएन ८ ऐवजी पीएन ६ टाकला तर भिंत पातळ. कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. पुरल्यावर चाचणी दाब देऊन गळती बघितली का, तेही विचारा. चाचणी न घेताच अहवाल जोडलेले असतात.

जलसुरक्षक
योजना सुरू झाल्यावर कोणी ढुंकून बघत नाही, पण किरकोळ खर्च तिथेच फुगतो. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम धरा. ५०,००० लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर रोज २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. २५ किलोची गोणी तीन महिने पुरते. दर महिन्याला गोणीचं बिल असेल तर साठा नोंदवही मागा. मात्र ओलसर जागी उघडी राहिलेली पावडर निकामी होते, तेव्हा जास्त वापर म्हणजे चोरीच असं नाही. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीनची चाचणी) करा: पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे.

ग्रामसभेला नेमाने जाणारी
पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीचा (ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या पैशाचा) खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. आधी ते बघून जा आणि प्रश्न लेखी द्या. तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.