मांड्या कमी करायच्या आहेत, पायांत जोरही हवाय: घरच्या घरी काय करू?

निळीशाई
नमस्कार मंडळी. वय ३८, पुण्यात राहते, दिवसभर खुर्चीतलं काम. वरचं अंग बारीक, सगळा भरणा कंबरेखाली. कुर्ता मीडियम, पँट एक्सेल! रोज पाऊण तास चालते, तरी मांड्या जिथल्या तिथे. मध्ये सिंहगडावर गेले. चढताना ठीक, उतरताना पाय नुसते लटलटत होते. जिम जमणार नाही. घरी चटई आणि खुर्ची आहे. 'सात दिवसांत मांड्या कमी'वाल्या व्हिडिओंमध्ये काही तथ्य असतं का?

डोंगरवेडा
सात दिवसांत फक्त डेटा पॅक कमी होतो. :) पर्वती गाठा. १०३ पायऱ्या, फुकट.

सोनचाफा
व्हिडिओ विसर. मांडीचा व्यायाम केला म्हणून मांडीवरचीच चरबी जाते असं नसतं. ती सगळ्या अंगावरून उतरते, आधी कुठून ते आपल्या हातात नाही. बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे ती मांड्या-नितंबांवर साठते आणि तिथून हलायला बहुधा वेळ लावते. म्हणून बारीक होण्याचा हिशोब मुख्यतः ताटात, जोराचा व्यायामात. मी तुझ्या जागी असते तर आधी जोराच्या मागे लागले असते. तो लवकर हाती लागतो.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत जातो आणि त्याच वेळी अख्ख्या शरीराचं वजन तोलत असतो. सपाट रस्त्यावर चालताना हे काम फारसं पडतच नाही.

तर खुर्ची भिंतीला टेकव. हात छातीशी, उठ, आणि बसताना मनात तीन मोजत हळूहळू बस. धप्पकन बसलीस तर अर्धा व्यायाम वाया. दहा-दहाचे तीन सेट. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक, त्यात तांदळाची पिशवी. वजन कधीच वाढवलं नाही तर जोर तिथेच अडकतो. मागच्या बाजूसाठी पाठीवर झोपून सेतुबंधासनासारखी कंबर उचल, पुढे एका पायावर. पोटऱ्यांसाठी ओट्याला धरून टाचा वर-खाली, कुकर होईस्तोवर. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, मध्ये एक दिवस सुट्टी. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना आई आठवेल, ते दोन-तीन दिवसांत जातं.

चालणं सोडू नकोस.

पंचगंगाकाठ
आमच्या कोल्हापुरात तालमीतली पोरं शेकड्यानं बैठका मारतात. मांड्या बारीक झालेला पैलवान बघितलाय का कुणी?

निळीशाई
अरे देवा. म्हणजे माझ्याही तशाच होणार?

सोनचाफा
पैलवानाचा खुराक आणि वर्षानुवर्षांची मेहनत असल्याशिवाय नाही गं. तुझ्या मांड्या घट्ट होतील, एवढंच. आणि खाणं कमी करताना प्रथिनं कापू नकोस. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) हिशोबाने वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला साधारण ५० ग्रॅम. व्यायाम सुरू केलास की थोडी जास्तच लागतात. अंड्यात ६ ग्रॅम धर आणि दिवसभराचं मोजून बघ. पोहे-चहा-पोळी-भाजीत ५० गाठणं अवघड जातं.

फिजिओताई
सोनचाफाशी सहमत. एक गोष्ट तपासा. दोन्ही पाय सारखेच जाड, पावलं मात्र बारीक, मांड्या दाबल्यावर दुखतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, असं आहे का? असेल तर लिपेडिमा, म्हणजे पायांत चरबी जास्त साठण्याचा आजार, असू शकतो. ती चरबी डाएटने फारशी हटत नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

निळीशाई
तसं काही नाही, हुश्श. पण आज खुर्चीचा प्रकार केला तर गुडघ्यातून कटकट आवाज येतोय. दुखत नाही. चालेल?

फिजिओताई
दुखत नाही आणि सूज नाही ना? मग चालू ठेवा. दुखलं तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे कमी वाकावं लागेल. जमायला लागलं की उशी काढा.

डोंगरवेडा
आणि रविवारी पर्वती!