गार्डच्या बिलातली ७५० रुपयांची ओळ

कुलकर्णी, बी-७०२: सन्माननीय समिती, सिक्युरिटीचं या महिन्याचं बिल बोर्डावर लागलंय. त्यात एक नवीन ओळ आहे. "पसारा नूतनीकरण व अनुपालन शुल्क, प्रति गार्ड ७५० रु." आपले गार्ड ८. म्हणजे महिन्याला ६,०००. हे कोणत्या सभेत मंजूर झालं? मी एकही सभा चुकवत नाही हे सर्वांना ठाऊक आहे.

रोहन, बी-५०३: काका, तुम्ही सभा चुकवत नाही, सभाच तुम्हाला चुकवते 😄

कुलकर्णी, बी-७०२: रोहन, विषय पैशाचा आहे.

सावंत, डी-२०४: बिलाची प्रत ग्रुपवर टाकावी.

शिरीष, खजिनदार: काका, एजन्सीचं पत्र आलं होतं. लायसन्स रिन्यू करायचंय, सरकारी फी वाढली, ट्रेनिंग सक्तीचं झालं, म्हणून सगळ्या क्लायंटना ही वाढ लावली आहे. इतर सोसायट्या देतायत असं ते म्हणाले.

कुलकर्णी, बी-७०२: "ते म्हणाले." लिफ्टच्या वेळीही तेच म्हणाले होते.

शिरीष, खजिनदार: लिफ्ट काढायची असेल तर मग कारंजंही काढू. तो ठराव कोणी मांडला होता ते मिनिट्समध्ये आहे.

पाटील काकू, सी-१०१: कारंज्याचं नाव नका काढू बाई. पंप आमच्या खिडकीखाली आहे.

सावंत, डी-२०४: बिलाची प्रत टाका ग्रुपवर.

मेघना, ए-११०३: मी थोडं बोलू का? ऑफिसात व्हेंडर लोकांचे कागद तपासायचं काम माझंच आहे, त्यामुळे हा कायदा रोज हाताखालून जातो. प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीज (रेग्युलेशन) ॲक्ट, २००५. त्यालाच सगळे पसारा म्हणतात. लायसन्सची फी त्याच्या कलम ७ मध्येच आहे. एकाच जिल्ह्यात काम करायचं तर ५,०००. पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००. अख्ख्या राज्यासाठी २५,०००. आणि हे वर्षाचं नाही बरं का, लायसन्स ५ वर्षांचं असतं. रिन्यूअललाही तेवढीच फी. आकडा कायद्यातच छापलेला आहे, त्यामुळे कोणी परिपत्रक काढून तो वाढवू शकत नाही.

कुलकर्णी, बी-७०२: बघा! ६,००० गुणिले १२ म्हणजे ७२,०००. पाच वर्षांचे ३ लाख ६० हजार. आणि त्यांची फी जास्तीत जास्त २५ हजार!! तीही एकट्या आपल्याकडून नव्हे, सगळ्या क्लायंटची मिळून!

शिरीष, खजिनदार: आणि वर १८ टक्के जीएसटी, तो धरला नाहीत.

कुलकर्णी, बी-७०२: धन्यवाद. जखमेवर मीठ.

रोहन, बी-५०३: लायसन्स दर राज्याचं वेगळं ना? मग ३.६० लाखांत १४ राज्यांची लायसन्सं निघतात. काकांनी एजन्सीच काढावी. बी-७०२ सिक्युरिटीज.

पाटील काकू, सी-१०१: काका गेटवर बसले तर माझी कामवालीच येणार नाही.

भोसले (माजी सुभेदार), सी-८०१: कुलकर्णी साहेब, तुमचा हिशेब बरोबर आहे पण अर्धा आहे. एजन्सीचा खरा खर्च फीचा नसतो, ट्रेनिंगचा असतो. नियमाप्रमाणे नवीन गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, कमीत कमी २० कामाचे दिवस. आम्हा फौजेतून किंवा पोलिसातून आलेल्यांना ४० अधिक १६ तासांत भागतं. शिवाय प्रत्येकाची पूर्वचारित्र्य पडताळणी. हे मनापासून केलं तर पैसे लागतात.

कुलकर्णी, बी-७०२: मनापासून केलं तर. केलंय का?

भोसले (माजी सुभेदार), सी-८०१: काल गेट २ वरच्या मुलाला विचारलं. म्हणाला, "साहेब, पहिल्या दिवशी शिट्टी दिली, रजिस्टर दिलं, आणि सचिवांची गाडी कुठली ते दाखवलं." हे झालं त्याचं १६० तासांचं ट्रेनिंग.

रोहन, बी-५०३: सचिवांची गाडी 😂😂

प्रधान, सचिव: मी क्लिनिकमध्ये होतो, आत्ता वाचलं. माझ्या गाडीचा इथे काय संबंध?

रोहन, बी-५०३: काही नाही सर. सुरक्षेचा भाग.

मेघना, ए-११०३: भोसले काकांचं म्हणणं मला पटतं. फक्त एक. आपल्या करारात एजन्सीचा सर्व्हिस चार्ज १० टक्के वेगळा आहे. लायसन्स, ट्रेनिंग, युनिफॉर्म, त्यांचं ऑफिस, हे सगळं त्यातूनच चालतं. पीएफ आणि ईएसआय (एजन्सीचा वाटा ३.२५ टक्के) आपण वेगळे देतोच. मग ७५० ची ही ओळ दुसऱ्यांदा घेतल्यासारखी होते.

सावंत, डी-२०४: म्हणूनच म्हणतोय, बिलाची प्रत टाका.

शिरीष, खजिनदार: सावंत साहेब, बोर्डावर आहे. खाली उतरून बघा. तीन मजले... सॉरी, दोनच.

सावंत, डी-२०४: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. खजिनदारांना कल्पना आहे.

शिरीष, खजिनदार: क्षमस्व. टाकतो.

शिरीष, खजिनदार: [फोटो] बिल
[फोटो] एजन्सीने दिलेली लायसन्सची प्रत

सावंत, डी-२०४: फोटो अस्पष्ट आहे.

देसाई, ए-४०२: हे सगळं करण्यापेक्षा सुरक्षा रक्षक मंडळाचे गार्ड का घेत नाही आपण? १९८१ चा कायदा आहे आपल्या राज्याचा. मंडळात नोंदलेले रक्षक, एजन्सीची भानगडच नाही.

शिरीष, खजिनदार: मंडळाकडे चौकशी केली होती देसाई साहेब, दोन वर्षांपूर्वी. खर्चाचा कागद सभेत फिरवला तेव्हा सगळे एकदम शांत झाले होते. आपणही.

देसाई, ए-४०२: मी शांत नव्हतो, मी बाहेरगावी होतो.

रोहन, बी-५०३: सरळ सोसायटीच्या पगारावर ठेवू. पसारा लागू होत नाही ना तसं?

मेघना, ए-११०३: कायदा एजन्सीला लागू आहे, म्हणजे दुसऱ्याला गार्ड पुरवण्याचा धंदा करणाऱ्याला. आपण स्वतः नोकरीवर ठेवले तर लायसन्स लागत नाही, खरं आहे. पण मग रजा, बदली गार्ड, पीएफ, ईएसआय, दिवाळीत अचानक गावाला गेलेला माणूस, हे सगळं सचिवांच्या फोनवर.

प्रधान, सचिव: माझ्या फोनवर नको.

मेघना, ए-११०३: एक मिनिट. मी लायसन्सचा फोटो मोठा करून बघतेय. यावर एकच जिल्हा लिहिलाय.

मेघना, ए-११०३: आणि तो आपला नाही.

कुलकर्णी, बी-७०२: काय???

मेघना, ए-११०३: हो काका. म्हणजे ५,००० वालं लायसन्स, शेजारच्या जिल्ह्याचं. आपल्या जिल्ह्यात गार्ड पुरवायची त्यांना परवानगीच दिसत नाही. मुदतही पुढच्या महिन्यात संपतेय. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. दिला असेल तर त्याची पोच मागा.

कुलकर्णी, बी-७०२: म्हणजे पाच हजार भरून शेजारच्या जिल्ह्याचं लायसन्स काढायचं, आणि आपल्याकडून ३ लाख ६० हजार घ्यायचे. ही एजन्सी आणली कोणी? नाव घेत नाही. ज्यांनी आणली ते ग्रुपवर आहेत.

देसाई, ए-४०२: कुलकर्णी, स्पष्ट बोला. ते माझे मेहुणे नाहीत, मेहुण्याचे मित्र आहेत. हे मी तीन वेळा सांगितलंय.

कुलकर्णी, बी-७०२: मी तुमचं नाव घेतलं का?

देसाई, ए-४०२: *हा मेसेज हटवला आहे*

रोहन, बी-५०३: वाचला मी. भारी होता.

पाटील काकू, सी-१०१: लायसन्स नसेल तर आपल्यावर केस होते का गं मेघना?

मेघना, ए-११०३: शिक्षा एजन्सीला आहे काकू. विनापरवाना धंदा केला तर कलम २० खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याला नाही. पण उद्या चोरी झाली आणि पोलिसांनी गार्डचे कागद मागितले तर आपण काय दाखवणार?

भोसले (माजी सुभेदार), सी-८०१: कागदावरून आठवलं. गेट १ चं ओळखपत्र मी हातात घेऊन बघितलंय. लॅमिनेशन सुटलेलं, फोटो स्टेपलरने लावलेला, आणि मुदतीच्या तारखेवर बॉलपेनने गिरवून साल बदललेलं. त्या पोराला दोष नाही, दिलं तेच गळ्यात घातलं त्याने. आणि तो खाकी शर्ट बदला आधी. पोलिसांसारखा किंवा फौजेसारखा गणवेश घालायला मनाई आहे, त्याचा दंड वेगळा. माझ्या डोळ्यालाही ते सहन होत नाही.

कुलकर्णी, बी-७०२: माझी सूचना: सर्व गार्डांची कायद्याप्रमाणे तपासणी व्हावी. वय, ट्रेनिंग, पडताळणी. जो बसत नाही तो बदला. नियम म्हणजे नियम.

पाटील काकू, सी-१०१: वयाचा काय नियम आहे?

मेघना, ए-११०३: १८ पूर्ण आणि ६५ च्या आत.

पाटील काकू, सी-१०१: मग मामा?

रोहन, बी-५०३: अरे हो, मामा.

प्रधान, सचिव: मामांचं वय एजन्सीच्या यादीत ६१ आहे.

पाटील काकू, सी-१०१: प्रधान भाऊ, मामांच्या पासष्टीचा केक आपणच कापला होता क्लब हाऊसमध्ये. दोन वर्षं झाली. वर स्क्रोल करा, फोटो याच ग्रुपवर आहेत. कुलकर्णी भाऊजी भरवतायत.

रोहन, बी-५०३: [फोटो] सापडला. काकांच्या हातात चमचा.

कुलकर्णी, बी-७०२: मामांचं वेगळं आहे.

शिरीष, खजिनदार: "नियम म्हणजे नियम." वेळ ९:४७.

कुलकर्णी, बी-७०२: शिरीष, मामा आठ वर्षं माझं दूध आणि औषधं वर आणून देतात. मिसेस आजारी असताना रात्री दोनला रिक्षा त्यांनी आणली होती. मला नियम शिकवू नका.

भोसले (माजी सुभेदार), सी-८०१: दूध वर नेणं हे गार्डचं काम नाही साहेब. तेवढा वेळ गेट उघडं पडतं. राग मानू नका.

कुलकर्णी, बी-७०२: राग नाही. नोंद घेतली.

मेघना, ए-११०३: मामांना एजन्सीचा गार्ड म्हणून ठेवता येणार नाही. सोसायटीने बागेच्या किंवा ऑफिसच्या कामाला स्वतः घेतलं तर पसाराचा प्रश्न उरत नाही. पण मग ते खरोखर बागेत दिसले पाहिजेत. गार्डचा शर्ट घालून गेटवर नव्हे.

पाटील काकू, सी-१०१: कारंज्याच्या पंपाकडे बघायला कोणीतरी हवंच आहे.

सावंत, डी-२०४: फोटो अजून अस्पष्टच आहे. कृपया स्पष्ट प्रत टाकावी.

शिरीष, खजिनदार: सावंत साहेब, उद्या प्रिंट घरी आणून देतो. स्वतः.

कुलकर्णी, बी-७०२: तर ठराव असा: या महिन्याचं एजन्सीचं पूर्ण बिल रोखावं.

मेघना, ए-११०३: पूर्ण नको काका. बिल अडवलं की ते गार्डांचा पगार अडवतात, गेल्या वर्षी झालंय. फक्त ७५० ची ओळ आणि त्यावरचा जीएसटी बाजूला काढा. बाकीचं वेळेवर द्या, आणि पुढच्या वेळी पगार जमा झाल्याचे पुरावे मागा.

प्रधान, सचिव: मान्य. ती ओळ सोडून बाकीचं उद्या जाईल. एजन्सीच्या मॅनेजरला सोमवारी साडेसातला बोलावतो. लायसन्सची मूळ प्रत, रिन्यूअल अर्जाची पोच आणि आठही गार्डांची ट्रेनिंग सर्टिफिकेटं घेऊन. आपला जिल्हा लायसन्सवर नसेल तर नोटीस देऊन दुसरी कोटेशनं मागवू. देसाई साहेब, आपणही या.

देसाई, ए-४०२: येतो. मेहुण्याचा मित्र असला तरी लायसन्स मलाही बघायचंय.

रोहन, बी-५०३: चहा आहे का मीटिंगला?

प्रधान, सचिव: नाही.

कुलकर्णी, बी-७०२: मी कायद्याची प्रिंट घेऊन येतो. कलम ७ ला खूण करून.