'अल्गोरिदम'ला मराठीत काय लिहू?

पाटीपेन्सिल: सातवीच्या मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतेय. 'अल्गोरिदम', म्हणजे पायरीपायरीनं उत्तर काढायची पद्धत, असं लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'गणनविधी' केलं. पुढचीच ओळ अशी: 'हा शब्द अल-ख्वारिझमीच्या नावावरून आला.' आता गणनविधी हा शब्द ख्वारिझमीच्या नावावरून कसा येईल?

उंटावरून: नावाबिवाचं काही नाही हो. त्यात 'रिदम' आहे, म्हणजे ताल. पायऱ्या तालात येतात. आम्हाला कॉलेजात सरांनी असंच सांगितलेलं.

जुनी वही: सरांना नमस्कार, पण नाही. ख्वारिझम म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेचा मुलूख. तिथला म्हणून अल-ख्वारिझमी. नवव्या शतकातला गणिती, बगदादला, खलिफा अल-मामूनच्या पदरी. भारतीय अंकांवरचं त्याचं अरबी पुस्तक हरवलं, लॅटिन रूप तेवढं उरलं. त्याची सुरुवातच 'दिक्सित अल्गोरिझ्मी', म्हणजे 'अल्गोरिझ्मी म्हणाला' अशी. पुढं हा माणूस होता हेच लोक विसरले आणि आकडेमोडीच्या रीतीलाच ते नाव पडलं. तुमचा 'रिदम' आला तो ग्रीक 'अरिथमॉस'च्या, म्हणजे संख्येच्या, नादानं. स्पॅनिशमध्ये तर 'ग्वारिस्मो' म्हणजे नुसता आकडा!

मीठभाकर: आपल्या हेमाडपंताचं तेच झालं की. यादवांचा एवढा पंडित, उरला देवळांपुरता. आमच्या गावचं देऊळ माझ्या देखत सिमेंटात बांधलं, तरी पाटीवर 'प्राचीन हेमाडपंती'.

काना-मात्रा: अंक आपले, बीजगणित आपलं, 'लीलावती' ११५० ची. मग शब्द उसना कशाला? साधं 'रीत' लिहा.

जुनी वही: अंक हिंदचे, हे त्यानंच त्या पुस्तकात सांगितलंय. श्रेय देणाऱ्याचंच नाव खोडायचं? आणि 'रीत' लिहिलं की मुलांना लग्नातली आठवणार.

उंटावरून: बरं, अल्जिब्रा त्याच्याच 'अल-जब्र'वरून ना? म्हणजे 'जबरदस्ती' त्यातलीच. मी तरी गणित तसंच शिकलो.

जुनी वही: मोह होतो खरा. पण तो फारसी 'झबर', म्हणजे वर, अधिक 'दस्त', हात. मराठीत येताना झचा ज झाला. अरबी 'जब्र'ला सक्ती हा अर्थ आहेच, पण मोडलेलं सांधणं हाही आहे. साधारण ८२० सालच्या त्याच्या पुस्तकात वजा असलेलं पद दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढायचं, ते अल-जब्र. जुन्या स्पॅनिशमध्ये 'अल्हेब्रिस्ता' म्हणजे चक्क हाडवैद्य.

मीठभाकर: हाडवैद्य! चौथीत आंब्यावरून पडलो, मनगट गेलं. वैद्यबुवांनी गप्पा मारता मारता हात ओढला, अंड्याचा बलक लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. सरळ बसलं. पावसाळ्यात ठणकतं तेवढं.

काना-मात्रा: 'अल्गोरिदम' की 'अल्गोरिथम', निदान तेवढं तरी ठरवा.

पाटीपेन्सिल: सोमवारी छपाईला जातंय हो. त्या ओळीचं काय करू?

मीठभाकर: दुरुस्ती. बलक नव्हे, पांढरं लावत. आत्ता आईला फोन करून विचारलं.