मोठ्या वयाची भावंडं परदेशातून दत्तक घेतलेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत का इथे? अनुभव हवेत

ऑलिव्हची_फांदी
नमस्कार. आम्ही दोघं अमेरिकेत, दोघंही मराठी ख्रिस्ती घरातले, दहा वर्षांची एक मुलगी आहे. कोलंबियातली दोन भावंडं दत्तक घ्यायचं चाललंय, मुलगा बारा वर्षांचा आणि बहीण आठची. होम स्टडी (घराची, कुटुंबाची पाहणी) झाली, आय-८००ए म्हणजे परदेशी दत्तकाचा अमेरिकन सरकारकडचा अर्ज मंजूर झाला, कागदपत्रांचं एजन्सी बघतेय त्यामुळे त्याबद्दल फारसं विचारायचं नाहीये. मला पुढचं विचारायचंय. चर्चमध्ये सगळे खूप आनंदात आहेत, पाळकसाहेबांनी याकोब १:२७ वर, म्हणजे अनाथांची काळजी घेण्याच्या वचनावर, संदेश दिला आणि आमची नावं घेऊन प्रार्थना केली, मला भरून आलं. पण रात्री झोप लागत नाही. बारा वर्षांचा मुलगा आपली भाषा, मित्र, सगळं मागे टाकून येणार, तो मला आई का म्हणेल? सासूबाई म्हणतात एवढी मोठी मुलं रुळत नाहीत, लहान बाळ घ्या. शिवाय आमची लेक आज घरात एकटी, उद्या एकदम मधली होणार. आणि ही मुलं कॅथलिक वातावरणात वाढलेली, आम्ही प्रोटेस्टंट, तर कौटुंबिक प्रार्थना, संडे स्कूल हे पहिल्यापासून सुरू करायचं की थांबायचं? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, गोड गोड नको.

द्राक्षवेल
ताई, आमच्याकडे कोलंबियाचीच दोघं आहेत. आली तेव्हा मुलगी अकराची आणि भाऊ नऊचा, आता दोघंही हायस्कूलला. आई म्हणण्याचं आधी घेते कारण मला वाटतं बाकी सगळं त्यातूनच निघतं. आमच्या मुलीला आई होती, खरं तर दोन होत्या. एक जन्मदाती, जी तिला नीट आठवते, आणि दुसरी मादरे सुस्तितुता, म्हणजे तिथल्या सरकारी व्यवस्थेत मुलांना स्वतःच्या घरी सांभाळणारी बाई. ही दोघं तिच्याकडे बरीच वर्षं होती आणि तिचा त्यांच्यावर फार जीव. आयसीबीएफ, म्हणजे तिथली मुलांची सरकारी संस्था, एखाद्या मुलाला दत्तकयोग्य ठरवते तेव्हा त्याचं जगात कोणीच नसतं असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच मुलांचे आईवडील, आज्या, मोठी भावंडं हयात असतात. ती मुलं त्यांना विसरलेली नसतात आणि विसरावीत अशी अपेक्षाही करू नये. आमची लेक मला बराच काळ नावाने हाक मारायची, मी कधी टोकलं नाही. नंतर एकदा शाळेच्या फोनवर कोणाला तरी सांगताना 'मी मामीला विचारते' म्हणाली (स्पॅनिशमध्ये मामी म्हणजे आई), ते तिला स्वतःला कळलंसुद्धा नसेल. मी काहीच बोलले नाही, गाडीत जाऊन रडून घेतलं.

पहिली भेट म्हणजे एन्क्वेन्त्रो, आणि त्यानंतर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिथे काही आठवडे राहावं लागतं, तो काळ बहुतेकांचा छान जातो, मुलं अगदी शहाण्यासारखी वागतात. त्यावर जाऊ नका. पाहुण्यांच्या घरी मूल जसं वागतं तसंच वागत असतात ती. घर आपलं आहे, इथून कोणी हाकलणार नाही असं थोडं थोडं वाटायला लागलं की मग आतलं बाहेर येतं. आमचा मुलगा ब्रेडचे तुकडे उशीच्या अभ्र्यात लपवायचा. आम्ही रागावलो नाही, त्याच्या खोलीत एक झाकणाचा डबा ठेवला, त्यात खायचं कायम भरलेलं, रात्री दोन वाजता खाल्लं तरी कोणाला विचारायचं नाही. तो रोज सकाळी डबा उघडून बघायचा की रात्रीत कोणी काढून तर नेलं नाही ना. हे बरेच महिने चाललं. मुलीचं वेगळं, ती दार लावून घ्यायची आणि आतून ओरडायची 'मला परत पाठवा'. माझा नवरा दाराबाहेर जमिनीवर बसून राहायचा, समजावणं नाही, उपदेश नाही, मधूनमधून फक्त 'मी इथेच आहे' एवढं स्पॅनिशमध्ये. कधी वीस मिनिटं, कधी अख्खी संध्याकाळ. टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतल्या कॅरिन पर्व्हिस यांनी टीबीआरआय म्हणून जी पद्धत उभी केली तिचं ट्रेनिंग आम्हाला एजन्सीने दिलं होतं. घाबरलेल्या मुलाला एकटं बसायला पाठवू नका, जवळ ठेवा, आधी त्याला सुरक्षित वाटू द्या, शिस्त मग, असा त्याचा गाभा. आमच्या घरात ह्याने खूप फरक पडला.

आता प्रार्थनेचं. मुलीच्या गळ्यात एक छोटं मेडल होतं, चिकिन्किराच्या मारियेचं, म्हणजे मरियामातेचं, ती कोलंबियाची पालक संत. सांभाळणाऱ्या बाईने निघताना घातलेलं. आमच्या मंडळीतल्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता हे काढायला सांग. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्या मुलीने एका सुटकेसमध्ये मावेल एवढंच आयुष्य बरोबर आणलंय, त्यातलं मी काय काढून घेऊ? झोपताना ती मेडल ओठाला लावून 'दियोस ते साल्वे मारिया' ही कॅथलिकांची मरियेची प्रार्थना म्हणायची, मी पलंगाच्या कडेला बसून आपली प्रार्थना मनात करायचे. अधूनमधून आम्ही सगळे स्पॅनिश मिस्साला जातो, बाकी रविवारी आपल्या उपासनेला. प्रभूला ह्यात अडचण असेल असं मला नाही वाटत. तुम्ही तुमची कौटुंबिक प्रार्थना सुरूच ठेवा, फक्त मुलांनी मोठ्याने प्रार्थना केलीच पाहिजे असं ठेवू नका. बसू देत नुसती.

आणि एक कळकळीची विनंती, त्यांना चर्चमध्ये पुढे उभं करून साक्ष द्यायला लावू नका, 'देवाने तुम्हाला कसं वाचवलं ते सांगा' वगैरे तर अजिबात नाही. त्यांनी काय सोसलं ती त्यांची गोष्ट आहे, कोणाला सांगायची ते तीच ठरवतील.

होमस्टडीवाली
मी ह्याच क्षेत्रात सोशल वर्कर आहे, म्हणून थोडं त्या बाजूने. सासूबाईंना सांगा की कोलंबियाशी नातं नसलेल्या परदेशी कुटुंबांना तिथून मुख्यतः मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या किंवा खास गरजा असलेली मुलंच मिळतात, बाळाचा पर्याय तिथे जवळपास नाहीच. एकूणच परदेशी दत्तक खूप कमी झालंय, २००४ मध्ये अमेरिकेत जवळपास २३ हजार मुलं अशी आली होती, २०२३ च्या आर्थिक वर्षात फक्त १,२७५. रशियाने अमेरिकनांसाठी २०१३ पासून दार बंद केलं, चीनने २०२४ मध्ये.

कायद्याने दत्तकाआधी किमान दहा तासांचं ट्रेनिंग लागतं, पण बारा वर्षांच्या मुलासाठी ते अजिबात पुरेसं नाही, आणखी घ्या. परदेशी दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय हेग कराराच्या कलम ४ प्रमाणे मुलाच्या वयानुसार त्याची इच्छा विचारात घ्यायला हवी, त्यामुळे मुलाला नक्की काय सांगितलंय, तो काय म्हणाला, कोणी विचारलं, हे एजन्सीकडून लेखी मागवा. कधीकधी मोठं भावंड धाकट्यासाठी हो म्हणतं, स्वतःसाठी नाही. असं मूल इथे येऊन धाकट्याचा बाप बनून राहतं, त्याला ती जबाबदारी हळूहळू सोडायला शिकवावं लागतं, एकदम हिसकावली तर बिथरतं.

स्पॅनिश बोलणारा, ट्रॉमाचा अनुभव असलेला थेरपिस्ट आत्ताच शोधा, गरज पडल्यावर शोधलात तर वेटिंग लिस्टमध्ये अडकाल. झोपायच्या खोल्या, बाथरूम, कपडे बदलणं ह्याचे साधे स्पष्ट नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखे ठेवा, तुमच्या लेकीलासुद्धा. मोठ्या मुलांच्या फाईलमध्ये सगळं लिहिलेलं नसतं. हा त्या मुलावर संशय नाही, ह्यात त्याचंही संरक्षण आहे.

कोलंबियात दत्तक पूर्ण होऊन मुलं आयएच-३ व्हिसावर (दत्तक तिथेच पूर्ण झालेल्या मुलांचा व्हिसा) आली की अठराच्या आतली मुलं इथे पाऊल ठेवताच नागरिक होतात, २००० च्या कायद्याप्रमाणे. नागरिकत्वाचं सर्टिफिकेट पोस्टाने येतं. तरी पासपोर्ट लगेच काढून घ्या आणि सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डमध्ये नागरिकत्व नोंदलंय का ते स्वतः जाऊन बघा.

थोरली_होते
मी तुमच्या लेकीच्या जागेवर होते म्हणून लिहितेय. माझ्या आईबाबांनी एथिओपियातून दोन भाऊ आणले, तिथलं परदेशी दत्तक २०१८ मध्ये बंद झालं त्याच्या बरंच आधी. मोठा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तोपर्यंत घरात मीच थोरली. आज तो माझा सगळ्यात जवळचा माणूस आहे हे आधी सांगते म्हणजे तुम्ही घाबरणार नाही.

पण पहिली दोन-तीन वर्षं माझ्यासाठी अवघड होती. घरातलं सगळं लक्ष तिकडे, आणि चर्चमध्ये भेटेल तो म्हणायचा, तू किती नशीबवान, देवाने तुला भाऊ दिले. मग मला राग येतो हे मी सांगायचं कोणाला? देवाच्या कामावर रागावल्यासारखं वाटायचं. एक दिवस आई मला एकटीला घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली तुला हे आवडत नसेल तर मला सांगत जा, मला वाईट वाटणार नाही, कोणाला सांगणारही नाही. तेवढ्याने माझ्या मनावरचं ओझं उतरलं. नंतर दर शनिवारी सकाळी आमचं दोघींचं बाहेर जाणं ठरलं आणि कितीही गोंधळ असला तरी तिने ते मोडलं नाही. तुमच्या मुलीला तसा वेळ द्या, आणि तिला सारखं समजूतदारपणाचं सर्टिफिकेट देऊ नका, दहा वर्षांची आहे ती. तिच्या काही वस्तू अशा ठेवा की ज्या कोणाला वाटायच्या नाहीत.

ऑलिव्हची_फांदी
सगळ्यांचे मनापासून आभार. थोरली, तुझं वाचून मी लेकीशी आजच बोलले, ती म्हणाली माझी खोली मात्र माझीच राहू दे, तर ते नक्की केलं. चर्चच्या न्यूजलेटरमध्ये मुलांचे फोटो छापायचं चाललं होतं, ते थांबवा म्हणून पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं. द्राक्षवेलताई, ही दोघंही अशाच एका बाईंच्या घरी राहतात. त्यांच्याशी संबंध ठेवता येतो का नंतर?

द्राक्षवेल
येतो, पण आपोआप होत नाही, आधीच विचारावं लागतं. एजन्सीला आत्ता लिहा, आणि एन्क्वेन्त्रोच्या वेळी तिथल्या सायकॉलॉजिस्टनाही विचारा, काही ठिकाणी परवानगी देतात, काही ठिकाणी नाही. मिळाली तर त्या बाईंना भेटा, मुलं आजारी पडली की काय करता, कशाला घाबरतात, झोपताना दिवा लागतो का, सगळं विचारून घ्या, फाईलमध्ये हे मिळत नाही. व्हिडिओ कॉल नंतर मुलं खूप रडतात, एकदोन दिवस बिनसलेली असतात, म्हणून कॉल बंद करू नका, ते रडणं योग्य आहे. आणि स्पॅनिश आत्तापासून शिका, तिघंही, लेकसुद्धा. बाकी राहू दे, पण भूक लागली, पोटात दुखतंय, भीती वाटतेय, आत्ता मला एकटं राहायचंय, एवढं तरी घरात प्रत्येकाला कळलंच पाहिजे.