पोरांना विज्ञान नकोसं होतं ते विषयामुळे की वर्गामुळे?

खडूवाला: तासगावकडच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो. परवा विस्थापन अभिक्रिया होती. फळ्यावर समीकरण लिहिलं तर निम्मा वर्ग खिडकीबाहेर. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाला विचारलं, द्राक्षाच्या छाटणीनंतर डाउनी या बुरशीरोगासाठी फवारायला मोरचूद-चुन्याचा बोर्डो करता, तो नीट झालाय हे कसं ओळखता? पठ्ठ्या उभा राहिला, "विळा बुडवायचा सर. तांबूस झाला की समजायचं चुना कमी पडला." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यातलं तांबं लोखंडावर बसतं, हीच की ती अभिक्रिया! पुढची वीस मिनिटं मला कुणी बोलूच दिलं नाही. हे पोरगं चाचणीत काठावर पास होतं. गोडी असते हो, वर्गात तिला जागा नसते.

जुना_सांगलीकर: छान सर. पण त्याला समीकरण लिहिता आलं का? विळ्याची खूण माझ्या आज्यालाही ठाऊक होती. म्हणून काय त्याला रसायनशास्त्र आलं?

बारावीची_आई: दहावीला ४०-४० चे दोन पेपर. प्रात्यक्षिकाचे २० बहुतेकांना मिळतातच. पुढं सीईटी. बोर्डोच्या गप्पांनी पर्सेंटाइल वाढत नाही, थोडा धाक आणि भरपूर सराव लागतो.

निळा_लिटमस: काकू, धाकानं मीही सराव केला. "एवढंही येत नाही?" हे एकदा सगळ्यांसमोर ऐकलं आणि हात वर करणं बंद झालं. अकरावीला कॉमर्स घेतलं. आमच्या प्रयोगशाळेचं कुलूप फक्त तपासणीला साहेब आले की निघायचं.

खडूवाला: दादा, नाही आलं. कॉपर सल्फेटच्या सूत्रातला चार खाली लिहायचा तो वर चढवला. पण दुसऱ्या दिवशी आपणहून आला, "चुना घातल्यावर तांबं जातं कुठं?" कॉपर हायड्रॉक्साइडपर्यंत गाडी गेली. ताई, तुमचा मुद्दा मात्र मला झोंबला. पहिल्या बाकावरच्या दोघी हुशार मुली विचारत होत्या, "सर, हे पेपरला येणार का?" मी नुसता हसलो.

जुना_सांगलीकर: बरं, पुढं प्रकाशाचं अपवर्तन, म्हणजे पाण्यातून हवेत येताना वाकणं, आहे. तिथं विळा कुठून आणणार?

खडूवाला: शाळेमागं विहीर आहे. पोहणाऱ्या पोरांना विचारा, तळ दिसतो तेवढा वर असतो का ते.

बारावीची_आई: साठ पोरं विहिरीवर? कठडा आहे का, ते आधी सांगा.