ओपन की पीप? आधी पोराला नेम तरी धरू द्या

रेंजवरचा बाप:
काल इथे एका पालकांनी ठोकून दिलं की नेमबाजी शिकणाऱ्या पोराला ओपन साइट (नेम धरायला मागे उघडी खाच, पुढे उभी काडी) म्हणजे वर्ष वाया, पहिल्या दिवसापासून पीपच (मागे डोळ्यापाशी बारीक भोक, पुढे रिंग) द्या. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मी नेमकं तेच केलं होतं. उसनी एअर रायफल, मागे पीप, पुढे रिंग. छर्रा उजवीकडे गेला की पोरगं लगेच साइटचा नॉब फिरवणार, टिक-टिक. पुढचा डावीकडे, परत टिक-टिक. चूक होती ट्रिगरवरच्या बोटाची आणि शिक्षा साइटला! शेवटी सहा महिने ओपनवर बसवला. खाच, काडी आणि टार्गेट, तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. काडी स्पष्ट ठेवायची, टार्गेट धूसर राहू द्यायचं. हे अंगात मुरलं की पीप कधीही देता येतं.

दहा पॉइंट नऊ:
ती पालक मीच. माझ्या मुलीने शाळेच्या स्पर्धेत ओपनच्या गटात खेळायचं म्हणून वर्षभर काडी घोटली. पीपवर आल्यावर तीन महिने ती रिंगेत काडीच शोधत होती. पीपमध्ये गोलात गोल बसवायचा असतो, डोळा ते आपसूक करतो. जे पुढे सोडायचंच आहे ते शिकवायचं कशाला?

आणि ओपनची खाच नळीवर पुढे असते. खाच-काडीत अर्धा मीटर अंतर धरा. काडी ०.१ मिलिमीटर हलली की १० मीटरवर छर्रा २ मिलिमीटर सरकतो. टार्गेटवरच्या गुणांच्या रिंगा एकमेकींपासून २.५ मिलिमीटरवर. पीप डोळ्यापाशी असल्याने तेच अंतर वाढतं, चूक घटते. करा हिशोब.

थ्री नॉट थ्री:
आम्ही एनसीसीत इशापूर कारखान्याच्या .३०३ रायफलीवर शिकलो, उघडी खाच, खांद्याला निळा डाग. कुणाचं काही बिघडलं नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि पालकांना वाटायला लागलं, पदक दुकानात मिळतं. आधी जॅकेट, मग रायफल, पोराला आवड आहे का ते सगळ्यात शेवटी.

दहा पॉइंट नऊ:
काका, ती .३०३ काढणाऱ्या इंग्रजांनीच पुढच्या नंबर ४ रायफलीला पीप बसवलं. का बरं?

थ्री नॉट थ्री:
बसवलं. बरं.

राधानगरी फास्ट:
ओपन-पीप सोडा. जत्रंत फुगं फोडायची बंदूक कुणी मारलीय का? पुढची माशी, म्हंजी तुमची काडी, मुद्दाम वाकडी करत्यात! म्या पयला छर्रा फळीवर मारून बघतो किती सरकतोय, मग तेवढा नेम बाजूला धरतो. दहाला आठ फुगं. हाय का तुमच्या पीपात हे?

फुगेवाल्याचा भाचा:
मुद्दाम? माझ्या मामांचा स्टॉल होता, तोंड सांभाळून बोला. फुगे फुटलेच नाहीत तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल का? बंदूक दिवसातून चार वेळा फळीवरून पडते, आणि पडते ती तोंडावर. माशी वाकणारच. मामा रोज रात्री पक्कडीने सरळ करायचे, मी बॅटरी धरायचो.

राधानगरी फास्ट:
मग सगळ्या डावीकडंच कशा वाकत्यात?

फुगेवाल्याचा भाचा:
तुमचा ट्रिगर ओढायचा झटका डावीकडे असेल. वर बापाने तेच लिहिलंय, वाचा.

राधानगरी फास्ट:
आठ फुगं फुटल्यात म्हणतोय की!

दहा पॉइंट नऊ:
जत्रा आवरा. पण मुद्दा माझाच निघाला. पुढची रिंग नळकांड्यात असते, पडली तरी वाकत नाही.

रेंजवरचा बाप:
नळकांडं मान्य. आणखी एक कबूल करतो, हसू नका. चाळिशी लागल्यापासून मला ओपनची खाच लोण्यासारखी दिसते, पीपमधून मात्र सगळं लख्ख. म्हणजे पीप म्हाताऱ्यांसाठी, हे तरी ठरलं.

पण पीप द्यायचंच तर रिंग बघून द्या हो. टार्गेटचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं. डोळ्यापासून ९० सेंटीमीटरवरच्या रिंगेत ते पावणेतीन मिलिमीटरचं दिसतं. रेंजवर पोरांना ३ मिलिमीटरची रिंग चिकटवतात, काळ्याभोवती पांढरं उरतच नाही. पोरगं श्वास कोंडून बसतं. ४ ची घाला.

दहा पॉइंट नऊ:
आमच्याकडे ३.२ आहे. उद्या बदलून बघते. तुम्ही सांगितलं म्हणून नाही.

राधानगरी फास्ट:
मामांचा स्टॉल यंदा कुठल्या जत्रंत हाय? पक्कड घिऊन येतो.